उलटी बाजू दाखवाल का? हातानं घडवलेल्या सुंदर वस्तूंचा धागा

कापूसवेल

गेले कित्येक महिने रात्री झोपण्याआधीचा माझा अर्धा तास ठरलेला आहे. दिवा मंद करायचा, टॅब उशीला टेकवायचा आणि लोकांनी हातानं केलेल्या वस्तू बघत राहायचं. दर वेळी काही घ्यायचं असतं असं नाही. कुणी लाकडाचा चमचा कोरलेला असतो आणि दांड्यावर चाकूचे पैलू मुद्दाम तसेच ठेवलेले असतात. कुणी रंगीत काचेची चिमणी खिडकीत टांगलेली असते, आणि चिमणीपेक्षा जमिनीवर पडलेला तिचा लाल-पिवळा कवडसाच जास्त देखणा असतो. कुणी जुन्या पत्र्याच्या डब्यातून आरशाची चौकट केलेली असते. मी फोटो मोठा करत जाते, अगदी ताणता येईल तेवढा, आणि शेवटी कुठेतरी माणूस सापडतो. एखादा टाका बाकीच्यांपेक्षा घट्ट ओढलेला, एखादी रेघ जरा थरथरलेली. तो सापडला की इतका आनंद होतो की कुणाला तरी दाखवावंसं वाटतं. धागा त्यासाठीच काढलाय.

सध्या माझा जीव एका पतंगावर जडलाय. रात्री दिव्याभोवती फिरतो ना, तो करडा पतंग. भरतकामाच्या तळहाताएवढ्या रिंगमध्ये गडद हिरव्या तागाच्या कापडावर भरलेला, ऑनलाइन विकायला ठेवलेला. पंखांवर लांब-आखूड टाका आहे आणि राखाडीपासून सायीच्या रंगापर्यंत किमान सहा छटा मला मोजता आल्या. पाठीवर दोऱ्याचे लूप घालून ते कापून फुलवलेत, त्यामुळे ती लव बोटाला लागेल असं वाटतं. पंखाच्या कडेला गाठीच्या टाक्याची एक ओळ आहे आणि तिच्यातली एकच गाठ चुकून ओळीबाहेर पडलीय. मला ती गाठच हवी आहे.

पण फोटो एकच, तोही समोरून. "हस्तनिर्मित" तर हल्ली सगळीकडेच लिहिलेलं असतं. तुम्ही कसं ओळखता? आणि तुमच्याकडे काय काय आहे? प्रचि (प्रकाशचित्र) नसेल तर शब्दांत सांगा, पण नीट सांगा. झब्बू येऊ देत, म्हणजे उत्तरादाखल तुमच्याही वस्तू.

उलटटाका

कापूसवेल, विकणाऱ्यांना रिंगच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. भरतकामाचं खरं-खोटं तिथे एका नजरेत कळतं.

भरतकामाच्या यंत्राला सहसा दोन दोरे लागतात, एक वरचा आणि एक खालच्या बॉबिनचा. बॉबिनचा दोरा बहुतेक वेळा पांढरा किंवा काळा असतो, वर कितीही रंग असले तरी. त्यामुळे उलट्या बाजूला सगळ्या नक्षीच्या मधोमध तो एकच रंग दिसत राहतो. हातानं भरलेल्या कापडाला दुसरा दोराच नसतो. समोर राखाडी तर मागेही राखाडी. शिवाय एका रंगाचं काम संपलं की दोरा मागून पुढच्या पाकळीकडे किंवा पंखाकडे नेलेला असतो, त्या तिरक्या उड्या दिसतात. कुठे सुरुवात केली, कुठे दोरा संपला, कुठे दमून थांबली, सगळं मागे लिहिलेलं असतं.

मी बावीस वर्षं भरतकाम करते. लहानपणी शिकवणारीनं पहिल्या दिवशी रुमाल उलटा करून बघितला होता, समोरची बाजू तिनं नंतर पाहिली. फक्त एक विनंती. मागची बाजू नीटनेटकी असलीच पाहिजे असं समजू नका. भिंतीवर लावायच्या कामात आम्ही मागे मोकळेपणानं उड्या मारतो, त्यात काही बिघडत नाही. सतत धुवायच्या कापडावर मात्र लांब उड्या अडकतात आणि ओढल्या जातात, तिथे मागची सफाई बघावी.

ती एकटी गाठ वाचून फार छान वाटलं.

पानगळ

+१. सुंदर धागा. वाचतेय.

मातीगोळा

उलटं करून बघायचं हा नियम आमच्याकडेही चालतो. मी चाकावर बसतो. भांडं घेताना तळाचा फोटो मागा.

तळाला जी गोल कड असते तिला आम्ही पाय म्हणतो. ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळून काच होणारा थर. पायाला तो राहिला तर भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटेल, म्हणून तेवढी जागा पुसून कोरडी ठेवावी लागते. त्यामुळे मूळ माती उघडी दिसते ती तिथेच. वरून निळंशार दिसणारं वाडगं खाली विटकरी आहे, काळपट आहे की दुधासारखं पांढरं, ते पायाला कळतं. आतून बोट फिरवलं की तळातून कडेकडे गोल चढत गेलेल्या उंचवट्यांच्या रेघा लागल्या तर ते चाकावर ओढलेलं आहे. साच्यात ओतलेल्या भांड्यावर बाहेरून सांध्याची बारीक उभी रेघ असू शकते, पण ती घासून काढलेलीही असते. आणि साच्याचं म्हणजे खोटं, असं माझं मत नाही. साचा स्वतः घडवून त्यात काम करणारे फार चांगले लोक आहेत. त्यांनी तसं सांगितलं की झालं.

लोक मला विचारतात की दोन कप तंतोतंत सारखे का नाहीत. ओली माती वाळून, दोनदा भाजून बाहेर येईपर्यंत साधारण १० ते १२ टक्के आक्रसते, काही माती त्याहून जास्त. हातानं ओढताना भिंत एका ठिकाणी केसभर जाड राहिली की आक्रसणंही वेगळं होतं. जोडी म्हणून घ्यायची असेल तर एकाच भट्टीतून निघालेली मागा, रंग तरी जुळेल.

आणखी एक. फुलदाणी घेताना ती पाणी धरते का, ते विचारा. १००० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली माती सच्छिद्र राहते. आतून ग्लेझ नसेल तर पाणी हळूहळू झिरपतं आणि लाकडाच्या टेबलावर गोल डाग पडतो. १२०० अंशांच्या पुढे भाजलेल्या स्टोनवेअरची माती घट्ट मिटते. दोन्हींत सुंदर काम होतं, फक्त सुकलेली काडी कुठे ठेवायची आणि ताजं फूल कुठे, ते ठरवता येतं.

कापूसवेल

मातीगोळा, तुमचं वाचून उठले आणि किल्ल्या ठेवायचं माझं वाडगं उलटं करून पाहिलं. चार वर्षं रोज हातात आहे आणि खाली कधी बघितलंच नव्हतं! पायाच्या जरा वर, ग्लेझ जिथे संपतं तिथे, तीन लांबट डाग आहेत, एकीकडे दोन आणि समोर एक. तिथे ग्लेझ अगदी पातळ आहे. हे काय असेल?

मातीगोळा

बोटं. वाडगं पायाला धरून ग्लेझच्या बादलीत उलटं बुडवतात. जिथे बोटं असतात तिथे ग्लेझ पोचत नाही. काही जण नंतर ब्रशनं तो भाग भरतात, काही जण तसाच ठेवतात. तुमच्या वाडग्याचा कुंभार ठेवणारा आहे. तुमची तीन बोटं त्या डागांवर ठेवून बघा. त्याचा हात तुमच्यापेक्षा मोठा की लहान, तेही कळेल.

कापूसवेल

ठेवली. माझ्यापेक्षा लहान हात आहे. किती वेळ तशीच धरून बसले होते.

शाईचाडाग

मी लाकूड आणि लिनोलियमवर कोरून छापतो, त्यामुळे भिंतीवरच्या चित्रांबद्दल लिहितो. "प्रिंट" या एका शब्दाखाली ऑनलाइन दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि घेणाऱ्याची गल्लत होते.

एक म्हणजे चित्रकारानं स्वतः ठोकळा कोरून, शाई लावून, कागद दाबून काढलेला ठसा. खाली पेन्सिलीनं डावीकडे १२/४० असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे चाळीस प्रतींतली बारावी, आणि उजवीकडे सही. दुसरं म्हणजे मूळ चित्र स्कॅन करून इंकजेटवर काढलेली प्रत. तिला जिक्ले म्हणतात. हा शब्द १९९१ साली जॅक डुगॅन या छपाईतज्ज्ञानं काढला. चांगल्या शाईत, चांगल्या कागदावर केलेली जिक्ले प्रत देखणी असते आणि माझ्या भिंतीवरही आहे. पण तिलाही सही आणि क्रमांक असू शकतो, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कशी छापली, ते विचारा.

ठशाचा फोटो तिरक्या उजेडात मागवा. लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमवर कोरून काढलेल्या ठशात, शाईचा थर जरा उचललेला दिसतो आणि जिथे कोरून काढलंय त्या मोकळ्या जागेत कधी कधी हत्याराच्या धारेच्या बारीक रेघा उमटतात. आम्ही त्या ठेवतो. कागद मागून धरला तर जिथे चमच्यानं किंवा हातानं घासून दाब दिलाय तिथे मागूनही चमक आणि दाब दिसतो. इथेही उलटी बाजूच. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा खोलगट चौकोन उमटतो, त्यावर बोट फिरवायला मला फार आवडतं.

आता माझा सगळ्यात लाडका प्रकार. एकाच ठोकळ्यावर अनेक रंग छापायचे. आधी फिका रंग सगळ्या कागदांवर छापायचा, मग तोच ठोकळा आणखी कोरायचा, पुढचा रंग, पुन्हा कोरायचा. शेवटच्या रंगापर्यंत ठोकळ्याचा बहुतेक भाग निघून गेलेला असतो. त्यामुळे तीस कागद घेऊन सुरुवात केली तर तीसच्या वर कधीच होत नाहीत, आणि एखादा रंग चुकला की ते कागद गेले. असं चित्र दिसलं की मी सगळी कामं सोडून बघत बसतो. कोणता रंग आधी पडला असेल, ते ओळखायचं.

दोन_खिडक्या

थोडं वेगळं लिहितो, रागावू नका. "हातानं केलेलं" या शब्दाची मोहिनी मला जरा जास्तच वाटते. यंत्रावर विणलेली एक साधी करडी चादर माझ्याकडे आहे आणि ती मला कुठल्याही भरतकामाइतकी प्रिय आहे. वस्तू सुंदर आहे की नाही, ते बघावं.

शिवाय सीमारेषा तरी कुठे आखायची? शिलाई मशीनवर शिवलेली गोधडी हातची की यंत्राची? एट्सी हे विक्रीचं संकेतस्थळ २००५ साली सुरू झालं ते हातानं केलेल्या वस्तूंचा बाजार म्हणून. २०१३ मध्ये त्यांनी विक्रेत्यांना बाहेरच्या उत्पादकाची मदत घ्यायला मुभा दिली, आणि तेव्हा कारागिरांमध्येच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, मग हस्तनिर्मित काय उरलं? दुसऱ्या बाजूचं, मी एकटी किती हात चालवू? मला दोन्ही पटतं.

उलटटाका

दोन_खिडक्या, रागावण्यासारखं काही नाही. तुमची चादर सुंदर असेलच. पण मी एका पानावर चाळीस तास बसते आणि शेजारी तेच पान दोन मिनिटांत यंत्रावर निघून "हातानं भरलेलं" म्हणून लागतं, तेव्हा माझे चाळीस तास दिसेनासे होतात. यंत्राशी माझं काहीच भांडण नाही. नाव खरं लावा, एवढंच.

शाईचाडाग

उलटटाका यांना अनुमोदन.

दोन_खिडक्या, यंत्र-हात वादाच्या आधी नावाचाही एक वाद होऊन गेलाय. जपानमध्ये यानागी सोएत्सू यांनी हामादा शोजी आणि कावाई कांजिरो या कुंभारांबरोबर १९२५ साली "मिंगेई" हा शब्द तयार केला, लोकांची कला अशा अर्थी. रोजच्या वापरासाठी अनाम कारागिरांनी घडवलेल्या साध्या भांड्यांत, कापडांत त्यांना सगळ्यात मोठं सौंदर्य दिसत होतं. १९३६ मध्ये टोकियोत त्यासाठी संग्रहालय उघडलं, आजही आहे. गंमत म्हणजे हामादा स्वतः जगभर नावानं ओळखले गेले, पण पुढे ते आपल्या भांड्यांवर सही करत नसत. मला वाटतं आज मात्र नाव लिहिलंच पाहिजे. पूर्वी कुंभार कोण ते सगळ्यांना माहीत असायचं. आता फोटो हजार ठिकाणी फिरतो आणि करणारी व्यक्ती मागे राहते. कुणाचं काम इथे दाखवलं तर कुणाचं आहे तेही लिहा, ही धागाकर्तीला विनंती.

कापूसवेल

हो, नक्की. धाग्याचा नियमच समजा.

लोकरगुंडा

क्रोशावाल्यांकडून एक आनंदाची बातमी. क्रोशाची प्रायोगिक यंत्रं झाली आहेत, पण कारखान्यात ढिगानं क्रोशा काढणारं यंत्र अजून नाही. दुकानात क्रोशासारखी दिसणारी लेस असते ती यंत्रावरची वेगळी वीण असते, नीट बघितलं तर टाका वेगळा दिसतो. म्हणजे खरा क्रोशा कुठेही दिसला, कितीही स्वस्तात, तरी तो कुणाच्या तरी बोटांतून गेलेला आहे. हे समजल्यापासून फार स्वस्त क्रोशा माझ्याच्यानं घेववत नाही. ते टाके मोजायला मला येतात.

आता काळजीची गोष्ट. एआयनं तयार केलेले क्रोशाचे फोटो खूप फिरतायत. माणसाएवढी मांजर, फुलांचा सोफा, आणि त्यासोबत नमुनाही, म्हणजे विणायची लिखित कृती, विकायला. गेल्या वर्षी मी असा एक घुबडाचा नमुना विकत घेतला. तिसऱ्या ओळीपासून टाक्यांचा हिशेबच जुळेना, चार वेळा उसवलं. मग फोटो मोठा केला तेव्हा दिसलं की टाका कुठूनच येत नव्हता आणि कुठेच जात नव्हता. क्रोशात प्रत्येक टाका आधीच्या टाक्यात अडकलेला असतो, दोऱ्यावर बोट ठेवून मागे मागे जाता येतं. त्या फोटोत दोरा मध्येच वितळून पिसासारखा होत होता. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून करणाऱ्याच्या हातातला, अर्धवट झालेला फोटो असल्याशिवाय मी नमुना घेत नाही. अर्धवट काम दाखवायला खऱ्या विणणाऱ्यांना आवडतंच, आमच्या घरात सगळीकडे तेच पडलेलं असतं.

पानगळ

ठशाच्या कापडाबद्दल मला कुणीतरी सांगितलं होतं की चूक पुन्हा पुन्हा तशीच आली तर ते यंत्राचं. बरोबर आहे का?

शाईचाडाग

अर्धं बरोबर. लाकडी ठशाचा टवका उडालेला असेल तर तो दोषही दर ठशाला तसाच येणार. बदलतो तो दाब आणि शाई. एका फुलात रंग गच्च भरलेला, पुढच्यात कडेला जरा कोरडा, दोन ठसे भेटतात तिथे कुठे केसाएवढी फट तर कुठे रंगावर रंग. यंत्राच्या छपाईत जिथे रंग कोरडा दिसतो तिथेच तो पुढच्या फेरीतही कोरडा दिसतो. मीटरभर कापड पसरलेला फोटो मागवून एकच फूल पाच-सहा ठिकाणी शोधा.

निळाई

मला माझी निळी चित्रं दाखवायचीत! सायनोटाइप करते. लोहाच्या क्षारांचं द्रावण कागदावर लावून अंधारात वाळवायचं, वर पान किंवा पीस ठेवून काच दाबायची आणि उन्हात न्यायचं. पिवळट-हिरवा कागद बघता बघता राखाडी होतो. मग साध्या पाण्यात धुतला की निळा रंग उघडतो आणि पानाची जागा पांढरी राहते. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ही रीत शोधली. पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रातल्या शेवाळांच्या अशाच प्रतिमांची पुस्तिका काढायला सुरुवात केली. फोटोंनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून तिचं नाव घेतात. पडद्यावर ती पानं बघितली तेव्हा निळ्या पाण्यात शेवाळ तरंगतंय असंच वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मी साहित्य मागवलं.

नेचं सगळ्यात छान येतं. पान पूर्ण टेकलं नाही तर त्याचं टोक धूसर होतं आणि मला ती धूसर टोकंच आवडतात. कुणी कापडावरचं सायनोटाइप घेतलं असेल तर कपड्यांच्या नेहमीच्या पावडरीत धुऊ नका, अल्कलीनं निळा रंग उडून पिवळा पडतो. भिंतीवर लावायचं तर थेट ऊन येणार नाही तिथे. फिकट झालंच तर काही दिवस अंधारात ठेवा, बराचसा रंग परत येतो.

सुतारपक्षी

निळाई, अप्रतिम!

माझं छोटंसं. जुन्या छापखान्यांतली लाकडी अक्षरं ऑनलाइन सुटी मिळतात. मी सात घेतली, उलटी कोरलेली, कडांना वर्षानुवर्षांची शाई मुरलेली. साफ करू नका, ती शाईच त्यांचं रूप आहे. नुसता कोरडा ब्रश फिरवा. उजेड तिरका पडेल अशा अरुंद फळीवर मांडलीत आणि आल्यागेल्यानं प्रत्येकानं उचलून पाहिलीत.

माजघर

सगळ्यांना एक सांगते, मापं वाचा. विणलेलं वॉलहँगिंग मागवलं, फोटोत सोफ्यावर भिंतभर दिसत होतं, आलं ते दोन वीत. विक्रेत्यानं माप लिहिलं होतं, मीच फोटोवर गेले. आता वर्तमानपत्र त्या मापाचं कापते, भिंतीला चिकटवते आणि दोन दिवस तसंच ठेवते. रंगाबाबत खिडकीच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून काढलेला फोटो मागते. बहुतेक जण आनंदानं पाठवतात.

ते छोटं वॉलहँगिंग आता आरशाशेजारी आहे आणि तिथे फार गोड दिसतं.

कापूसवेल

लोकहो, आला! मागच्या बाजूचा फोटो आला!

पतंग भरणाऱ्या बाईंनी आधी लिहिलं होतं की मागे फार गोंधळ आहे, दाखवायला संकोच वाटतो. मी उलटटाका यांचं वाक्यच त्यांना लिहिलं, की मागे मोकळेपणानं उड्या मारण्यात काही बिघडत नाही. मग रात्री फोटो आला. पांढरा दोरा कुठेच नाही. राखाडीच्या सहा छटा (सात निघाल्या, एक पंखाखाली लपली होती), आणि डाव्या पंखाकडून उजव्या पंखाकडे नेलेले तिरके दोरे. डावा पंख आधी झालाय हे त्यावरून कळतंय, कारण उजवीकडचे टाके जास्त एकसारखे आहेत. भरता भरता तिचा हात बसत गेलाय. ती एकटी गाठ मागूनही दिसते. तिथे दोरा दोनदा वळवलाय. म्हणजे गाठ चुकलीय हे तिला कळलं होतं, तिनं उसवायला घेतली असावी आणि मग राहू दिली.

घेतला. येतोय.

आता प्रश्न. मला दोन्ही बाजू दिसायला हव्यात. दोन्हीकडून काच लावून, मधोमध ठेवून खिडकीपाशी टांगता येईल का?

उलटटाका

येईल, पण काच कापडाला टेकू देऊ नका. मध्ये पट्टी लावून फट ठेवा, नाहीतर लव चेपेल आणि ओल धरेल. खिडकीपाशी नको, उन्हात दोऱ्याचा रंग उडतो. खिडकीसमोरची भिंत सोडून बाजूची निवडा, आणि बिजागरीची चौकट करा, म्हणजे दाराच्या झडपेसारखी फिरवता येईल.

सुतारपक्षी

बिजागरीच्या चौकटीचं माप पाठवा. मी आकृती काढून इथेच टाकतो. रिंगची जाडीही मोजा, लव धरून.